डबा नंतर बदला, आधी गळती शोधा: गाडीच्या सायलेन्सरचं काम घरी करताना

मागच्या पावसाळ्यात मी आमच्या गाडीचा सायलेन्सर दोनदा दुरुस्त करून घेतला आणि दोन्ही वेळा दुखणं तसंच राहिलं. गाडी १४ वर्षांची, पेट्रोलची, मागाहून सीएनजी किट बसवलेली, मुक्काम रत्नागिरीत. आधी आवाज फुटला. गॅरेजवाल्याने मागे वाकून बघितलं, "डबा गेलाय" म्हणाला आणि मागचा डबा बदलला. महिन्याभरात पुन्हा तोच घर्र आवाज. या वेळी मधल्या छोट्या डब्यावर पत्र्याचं ठिगळ मारून मिळालं.

मग एका शनिवारी कोल्हापूरला निघालो. धो धो पाऊस, काचा बंद, एसी चालू. आंबा घाट चढताना बायको म्हणाली डोकं जड झालंय, मागे बसलेला मुलगा मळमळतंय म्हणू लागला. घाटात गाडी लागणं आम्हाला नवीन नाही, म्हणून लिंबाची फोड पुढे केली. मलकापूरला चहाला थांबलो तर दहा-पंधरा मिनिटांत दोघं टवटवीत. गाडीत बसलो, काचा लावल्या आणि थोड्या वेळाने माझंच कपाळ ठणकायला लागलं. घाट तर मागे राहिला होता. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. काचा खाली करून, भिजत, कोल्हापूर गाठलं.

तिथे गाडी रॅम्पवर चढवली तेव्हा खरा चोर सापडला. इंजिनाच्या लगेच मागे, पुढच्या पाइपात जाळीचा एक लवचीक तुकडा असतो, त्याला मेकॅनिक लोक बेलो म्हणतात. तो वरच्या अंगाने फाटला होता. खालून बघणाऱ्याला दिसणारच नाही अशा जागी.

मागचा डबा फुटला की गाडी ट्रॅक्टरसारखी ओरडते, पण तो धूर मागच्या मागे निघून जातो. पुढची गळती त्या मानाने कमी आवाज करते आणि तिचा धूर बॉनेटखालून, काचेच्या पायथ्याशी असलेल्या हवेच्या जाळीतून थेट केबिनमध्ये येतो. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोकेदुखी, मळमळ, गुंगी ही त्याची पहिली लक्षणं, आणि ती गाडी लागण्यासारखीच असतात. म्हणून गाडीत बसल्यावर एकापेक्षा जास्त माणसांचं डोकं दुखतंय आणि उतरल्यावर थांबतंय असं दिसलं, तर काचा उघडा, गाडी थांबवा, सगळे बाहेर या. त्या गाडीने पुढचा प्रवास नको. मी तो केला, तुम्ही करू नका. कुणाला भोवळ किंवा गुंगी येत असेल तर सरळ दवाखाना गाठा.

जाता जाता एक: लांब फळी किंवा बांबू न्यायला डिकी अर्धवट उघडी बांधून गाडी चालवली, तर सायलेन्सर शाबूत असूनही मागचा धूर आत ओढला जातो. डिकीचं रबर फाटलेलं असेल तरी थोडंफार तेच होतं.

पुढून मागे काय काय असतं

इंजिनाच्या हेडला, म्हणजे वरच्या भागाला, धूर गोळा करणारा मॅनिफोल्ड, त्याच्या बुडाला किंवा लगेच पुढे धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे गॅरेजच्या भाषेत कॅटकॉन. त्याच्या आधी एक ऑक्सिजन सेन्सर आणि बहुतेक नव्या गाड्यांत त्याच्या नंतर दुसरा. मग बेलो, मग लांब पाइप, मधला छोटा डबा, मागच्या अ‍ॅक्सलवरून वळसा घेणारा पाइप, मोठा डबा आणि शेपटी. हे सगळं रबरी कड्यांवर झुलतं, कारण इंजिन हलतं आणि बॉडी हलत नाही. त्या दोघांमधली ओढाताण बेलो आणि रबरं सोसतात. रबर तुटलं की ओढाताण बेलोवर येते. आमच्या गाडीचं मधलं रबर कधीचं तुटलं होतं, आणि ठिगळ मारणाऱ्याने त्याच्या जागी तार गुंडाळून दिली होती. बेलो फाटण्याचं मूळ मला तरी त्या तारेत दिसतं.

गंज कुठून येतो हे कळलं की कुठे बघायचं तेही कळतं. १ लिटर पेट्रोल जळलं की जवळपास १ लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. १ किलो सीएनजीतून तर सव्वादोन किलोच्या आसपास. गाडी लांब चालली तर पाइप तापून ही वाफ बाहेर पडते. रोज दोन किलोमीटर बाजारात आणि परत, एवढीच चाकरी असेल तर मागचा डबा कधी नीट तापतच नाही. वाफ तिथेच थंड होऊन पाणी साचतं आणि डबा आतून कुजतो. म्हणून कमी चालणाऱ्या गाडीचा डबा लवकर जातो. कोकणात वरून खारी हवा आहेच. मोठ्या डब्याच्या तळाला बऱ्याचदा कारखान्यातूनच एक बारीक भोक दिलेलं असतं, पाणी निथळायला. ते "लीकेज" समजून वेल्डिंगने बुजवणारे हुशार मी पाहिलेत.

कानाने निदान

सकाळी, रात्रभर थंड झालेली गाडी, मोकळी जागा. बंद गॅरेजात किंवा पार्किंगच्या तळघरात हे करायचं नाही. बॉनेट उघडा आणि दुसऱ्या कुणाला तरी गाडी चालू करायला सांगा.

पहिल्या मिनिटभरात इंजिनाकडून टिक-टिक-टिक आवाज आला आणि इंजिन तापता तापता तो विरत गेला, तर मॅनिफोल्डचं पॅकिंग किंवा मॅनिफोल्डची चीर. लोखंड तापून फुगतं, फट बुजते, आवाज जातो. म्हणूनच दुपारी गॅरेजात नेलेली गाडी "काही नाही साहेब, ठीक आहे" असं म्हणून परत येते. हा दोष पकडायचा तर गाडी रात्री तिथेच ठेवायला हवी.

गाडीखालून फुस्स-फुस्स असा आवाज, एक्सलेटर दिला की वाढणारा: फ्लँजचा जोड, म्हणजे दोन पाइपांच्या टोकांच्या, बोल्टने आवळलेल्या चकत्या. जड घरघर, पोटात जाणवणारी: डबा किंवा पाइप फुटला. ठरावीक वेगाला झणझण वाजणारा पत्रा: बहुधा पाइपावरचं उष्णतारोधक कवच सुटलंय, मोठी क्लिप आवळली की मिटतं, यासाठी डबा बदलून घेतलेले लोक आहेत. आणि थंड पाइपावर रबरी हातोडीने हलकेच ठोकल्यावर कॅटकॉनमधून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला, तर आतली चिनी मातीची जाळी फुटलीय.

धुराचा रंगही बघून घ्या. सकाळचा पांढरा, लगेच विरणारा धूर म्हणजे वर सांगितलेली वाफ. त्याची काळजी नको. निळसर म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, आणि इंजिन तापल्यावरही पांढरा दाट धूर येत असेल, त्याला गोडसर वास असेल, तर कूलंट जळतंय. हे तिन्ही इंजिनाचे आजार आहेत. सायलेन्सर बदलून ते जात नाहीत.

हाताने निदान

कान जागा ढोबळ सांगतो. नेमकी जागा शोधायला मी तीन गोष्टी करतो.

एक, चिंधीची परीक्षा. जाड फडकं चार पदरी घडी करून ओलं करा, चामडी हातमोजा घाला आणि चालू गाडीच्या शेपटीवर तीन-चार सेकंद दाबून धरा. सगळं शाबूत असेल तर फडकं जोराने हाताला ढकलतं आणि इंजिन गुदमरायला लागतं. गळती असेल तर दाब तिथून निघतो, हाताला जोर कमी लागतो आणि फुस्स आवाज एकदम स्पष्ट होतो. दुसऱ्या माणसाने त्या वेळी गाडीच्या बाजूला उकिडवं बसून कान द्यायचा. जॅकवरच्या गाडीखाली शिरायचं नाही.

दोन, साबणाचं पाणी. इंजिन बंद, पूर्ण थंड. घरच्या व्हॅक्यूम क्लीनरला हवा फुंकायची सोय असेल तर ती नळी शेपटीत घालून भोवती फडकं कोंबा आणि हवा सोडा. मग भांड्याच्या साबणाचं पाणी स्प्रेच्या बाटलीतून प्रत्येक जोडावर, वेल्डवर, डब्याच्या शिवणीवर मारत चला. फाटका भाग बुडबुड्यांचा फेस काढतो. आमच्या बेलोवर नंतर मी हे करून बघितलं. वरच्या बाजूला, जिथे डोळा पोचत नाही तिथे, मुठीएवढा फेस आला होता. तो मला आरशात दिसला, दाढीच्या छोट्या आरशात.

तीन, काजळी. जिथून धूर निसटतो तिथे काळी किंवा राखाडी पिसाऱ्यासारखी खूण उमटते. फ्लँजच्या कडेला असा पिसारा दिसला तर आतलं पॅकिंग गेलंय, पाइप नाही. तिथे खर्च पॅकिंगचा.

पूर्वी मी जोडांजवळ उदबत्ती धरून धूर कुठे हलतो ते बघायचो. सीएनजी बसवल्यापासून बंद केलं. इंधनाच्या नळ्यांजवळ निखारा फिरवण्यात काही अर्थ नाही. लांब स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला टिश्यू पेपरची पट्टी चिकटवली की तीही जोडाजवळ फडफडून तेच सांगते.

गंज तपासायला जुना स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि डब्याच्या शिवणी, वाक आणि वेल्डच्या आसपास टोचून बघा. वरवरचा तांबूस गंज चालतो. पत्रा पापुद्र्यासारखा सुटत असेल किंवा टोक आत रुतत असेल, तर तिथे ठिगळ टिकणार नाही. वेल्डिंगची काडी लावली की भोक मोठंच होतं.

चेक इंजिनचा दिवा आणि चोंदलेला कॅटकॉन

दिवा लागला असेल तर स्कॅनर लावून कोड वाचून घ्या. पी०४२० म्हणजे कॅटकॉनचं काम अपुरं पडतंय अशी तक्रार. पण हा कोड आला म्हणून लगेच कॅटकॉन विकत घ्यायचा नाही. सेन्सरच्या आधी किंवा जवळ गळती असेल तर धुराच्या दोन झटक्यांमध्ये बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला वाटतं मिश्रणात हवा जास्त आहे, म्हणून तो इंजिनाला पेट्रोल वाढवायला सांगतो. अ‍ॅव्हरेज पडतं, पी०१७१ सारखा कोडही येऊ शकतो आणि सेन्सर बिचारा निर्दोष असतो. आधी गळती बंद करा, कोड पुसा, शंभर-दोनशे किलोमीटर चालवा आणि पुन्हा बघा.

कॅटकॉन खरंच चोंदला असेल तर गाडी सपाटीवर ठीक वाटते, चढावर दम तोडते. एक्सलेटर दाबाल तेवढा दाबा, इंजिनाचे फेरे वाढत नाहीत. खात्री करायला गॅरेजात पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या भोकात दाबमापक लावतात. मिनिटाला २,५०० फेऱ्यांना दाब ३ पीएसआयच्या वर जात असेल तर पुढे वाट बंद आहे. आता महत्त्वाचं: कॅटकॉन सहसा स्वतःहून मरत नाही. प्लग किंवा कॉइल मिस करत असेल तर न जळलेलं पेट्रोल त्यात जाऊन जळतं आणि जाळी वितळते. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर हेच चालू आहे असं समजा. मूळ दोष न काढता नवा कॅटकॉन लावलात तर तोही जाणार.

इथे कुणीतरी हमखास सल्ला देतो, "आतली जाळी फोडून टाका, पिकअप वाढेल." फोडू नका. त्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि र्‍होडियमचा मुलामा असतो, आणि तोच कार्बन मोनॉक्साइडचं कार्बन डायऑक्साइड करतो. तो काढला की पीयूसीच्या नळीत सत्य उतरतं. बीएस-४ पेट्रोल गाडीला आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम एवढीच मुभा आहे. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली प्रदूषणाचे आणि आवाजाचे निकष मोडल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड १०,००० रुपयांपर्यंत आहे. फटाके फोडणारा सायलेन्सर लावणाऱ्यांनाही हेच कलम.

काय बदलायचं

फक्त पॅकिंग गेलं असेल तर फक्त पॅकिंग. बेलो फाटला असेल आणि बाकी पाइप जाड असेल, तर नुसता बेलो कापून नवा वेल्ड करता येतो. पूर्ण पुढचा पाइप घेण्यापेक्षा खूप स्वस्त. मागचा डबा सडला असेल तर डबा. मधला पाइप आणि मागचा डबा दोन्ही टोचल्यावर रुतत असतील तर दोन्ही एकदम घ्या, कारण नव्या डब्याचा बोल्ट जुन्या गंजक्या फ्लँजमध्ये आवळताना फ्लँजच हातात येतो.

खरेदीला जाताना जुना भाग काढून सोबत न्या. तो काढता येत नसेल तर फोटो, फ्लँजच्या दोन भोकांमधलं अंतर, पाइपाचा बाहेरचा व्यास आणि हँगरच्या सळ्यांची दिशा. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक पाइपाचा वाक बदलतो, म्हणून चॅसिस नंबर सांगून पार्ट काढायला लावा. सोबत न विसरता घ्यायचं: प्रत्येक जोडाचं नवं पॅकिंग, नवे नट-बोल्ट, आणि सगळी रबरं. रबरं काटकसरीची जागा नाही. स्थानिक बनावटीचा डबा घेणार असाल तर हातात घेऊन वजन बघा. संशयास्पद हलका डबा दोन पावसाळे काढत नाही असा माझा अनुभव.

गाडी उचलणं

इथे घाई करणाऱ्याने हे काम करूच नये. सपाट, टणक जमीन. मागचं काम असेल तर पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ओंडके, गाडी गिअरमध्ये. जॅक गाडी वर न्यायला. वर धरून ठेवायला घोड्या, म्हणजे लोखंडी स्टँड, मॅन्युअलने दाखवलेल्या जागांखाली. विटा, चिरे, सिमेंटचे ब्लॉक अजिबात नाहीत, ते न सांगता फुटतात. घोड्यांवर ठेवल्यावर गाडीला बाहेरून दोन-तीन धक्के द्या. हलली तर पुन्हा बसवा. काढलेलं चाक सिलखाली, म्हणजे दरवाज्यांखालच्या कडेखाली, सरकवून ठेवलं तर आणखी एक आधार. हे जमणार नसेल तर गावातल्या सर्व्हिसिंग सेंटरच्या रॅम्पसाठी तासाचे पैसे देऊन काम करा. मी आता तेच करतो, गुडघे आणि बायको दोघांच्या आग्रहाने.

गाडी बंद केल्यावर निदान तीन तास थांबा. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा. सीएनजी असेल तर सिलेंडरचा कॉक बंद. डोळ्यांना चष्मा हवाच. खाली झोपलात की गंजाचा पहिला पापुद्रा बरोबर डोळ्यातच पडतो.

गंजलेले नट

सगळ्या कामाची निम्मी मेहनत इथे आहे. आदल्या रात्री तारेच्या ब्रशने आटे घासा आणि गंज सोडवणारा स्प्रे मारा, झोपताना पुन्हा एकदा आणि सकाळी पुन्हा. नुसता गंजावर मारलेला स्प्रे आत उतरत नाही, म्हणून ब्रश आधी. पाना बाराकोनी घेऊ नका. सहाकोनी गोटी (सॉकेट) ठोकून बसवा, लांब दांडा लावा. पहिला जोर आवळण्याच्या दिशेने, अगदी केसभर. कटकन आवाज आला की गंजाची पकड सुटली, मग उलट फिरवा. अर्धा फेरा सोडा, पाव फेरा परत आवळा, स्प्रे, पुन्हा सोडा. एका दमात काढायला गेलात तर आटे जातात किंवा बोल्ट तुटतो.

नटाचं डोकं गोल झालं तर ग्राइंडरने नट कापा. मागच्या फ्लँजजवळ बऱ्याच गाड्यांत पेट्रोलची टाकी असते, तेव्हा ठिणग्या टाकीच्या उलट दिशेने, मध्ये ओलं गोणपाट आणि हाताशी वाळूची बादली किंवा अग्निशामक. सीएनजीचा सिलेंडर डिकीत असेल तर मी ग्राइंडर घरी चालवत नाही, हे काम बाहेरच देतो. गॅसची ज्योत तर टाकीजवळ कुणीच लावू नये.

फ्लँजमधला स्टड तुटला तर फारसं बिघडत नाही, ड्रिल मारून आरपार बोल्ट टाकता येतो. पण मॅनिफोल्डचा स्टड हेडमध्ये तुटला तर हात आखडता घ्या आणि लेथवाल्याला बोलवा. हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं. ड्रिल वाकडं गेलं की सायलेन्सरच्या कामापायी इंजिन उघडावं लागतं.

काढणं आणि बसवणं

मागून पुढे काढायचं. सेन्सरची वायर ज्या भागावर असेल तिचा कनेक्टर आधी सोडा. सेन्सर काढायचाच असेल तर त्यासाठी २२ मिमीची, वायरीला खाच असलेली गोटी मिळते. वायर पिळू देऊ नका.

रबरं सोडवायला सळीवर साबणाचं पाणी मारा आणि मोठ्या स्क्रू ड्रायव्हरने रबर सरकवा. ऑइल किंवा डिझेल लावू नका, रबर फुगतं. शेवटचं रबर सोडण्याआधी डब्याखाली जॅक किंवा लाकडी ठोकळा ठेवा, नाहीतर पाइप बायंडिंग तारेने बॉडीला टांगा. डबा सहज पाच-सात किलोचा असतो आणि तुम्ही त्याच्या बरोबर खाली झोपलेले असता. अ‍ॅक्सलवरून जाणारा पाइप निघत नसेल तर ओढाताण नको. मागची चाकं लोंबती ठेवून गाडी आणखी थोडी उचलली की अ‍ॅक्सल खाली झुकतो आणि पाइप तिरका करून सुटतो.

बेलो वेल्ड करायचा असेल तर कापण्याआधी त्याच्या दोन्ही बाजूंच्या पाइपांवर एकच सरळ रेघ पांढऱ्या मार्करने ओढा आणि एकूण लांबी मोजून ठेवा. नवा बेलो जोडताना रेघ रेघेला जुळली पाहिजे. नाहीतर मागचं फ्लँज दहा अंशांनी फिरतं आणि मागची सगळी लाइन वाकडी लटकते. वेल्डिंग शक्यतो पाइप बाहेर काढूनच.

बसवताना उलटं, पुढून मागे. फ्लँजची तोंडं घासून चकचकीत करा, जुन्या पॅकिंगचा कणही ठेवू नका. गोल रिंग पॅकिंग एकदा दबलं की त्याचा आकार ठरलेला, पुन्हा वापरू नका. सगळे नट आधी फक्त बोटाने. स्टडवर तांब्याचं ग्रीस लावलंत तर पुढच्या वेळी तुम्हीच स्वतःला दुवा द्याल. सेन्सरच्या आट्यांना ते चालतं, टोकाला मात्र अजिबात लागू द्यायचं नाही. आणि सेन्सरच्या आधीच्या जोडात साधं सिलिकॉन सीलंट भरू नका, त्याच्या वाफेने सेन्सर निकामी होतो.

सगळी रबरं अडकवली की उठून बाजूने बघा. पाइप सरळ? रबरं एका बाजूला ताणलेली नाहीत ना? पाइप आणि बॉडी, अ‍ॅक्सल, हँडब्रेकची केबल, इंधनाची नळी यांमध्ये दोन बोटं सहज जावीत. हाताने डबा हलवा, कुठे ठोकतोय का ऐका. मगच इंजिनाकडून सुरुवात करून मागे आवळत जा, दोन बोल्ट आलटून पालटून, मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला. स्प्रिंग असलेले बोल्ट त्यांच्या खांद्यापर्यंतच. स्प्रिंग पूर्ण दाबून टाकली तर जोड हलायला जागा उरत नाही. गाडी चाकांवर उतरवल्यावर अंतरं पुन्हा तपासा, कारण आता अ‍ॅक्सल वर आलेला असतो. पहिल्यांदा मी इथेच फसलो होतो. घोडीवर सगळं सुरेख होतं आणि पहिल्याच गतिरोधकाला पाइप अ‍ॅक्सलवर ठाण्णकन आपटला.

पहिला स्टार्ट

उघड्यावर. दहा-पंधरा मिनिटं डब्यावरचं ऑइल आणि रंग जळून धूर येईल, वासही येईल, दचकू नका. चिंधीची परीक्षा पुन्हा करा. वीसेक किलोमीटर फिरवून आणा, रात्रभर थंड होऊ द्या आणि सकाळी सगळे नट एकदा पान्याने बघा. एखादा तरी पाव फेरा घेतोच. त्या आठवड्यात गाडी सुक्या गवतावर उभी करू नका. खरं तर उन्हाळ्यात कधीच नको, तापलेल्या कॅटकॉनखाली वाळलेलं गवत पेटतं.

पुन्हा घाटात जाण्याआधी काचा लावून अर्धा तास गावातच फिरा, सोबत आणखी एकाला घेऊन. डोकं जड वाटलं तर काम अजून बाकी आहे.

कॅटकॉन बदलला असेल तर जुना मागून घ्या, दुकानदार "राहू द्या इथेच" म्हणाला तरी. आतल्या धातूंमुळे त्याला साध्या लोखंडाच्या कितीतरी पट भाव असतो. इको व्हॅनचे सायलेन्सर रात्रीतून चोरीला जातात ते याच धातूंसाठी. लोखंडाच्या भावात किलोवर देऊ नका, कॅटकॉन घेणाऱ्या दोघा-तिघांना विचारा आणि विकल्याची पावती घ्या.